अ‍ॅक्टिन झकास येतं, पण मायक्रोट्यूब्यूल्स दरवेळी धुरकट आणि तुटक: बिघाड नेमका कुठे असतो

पेशीच्या सांगाड्यातले दोन प्रकारचे धागे, अ‍ॅक्टिन आणि मायक्रोट्यूब्यूल्स, रंगवून मायक्रोस्कोपखाली बघणाऱ्यांची तक्रार दरवेळी जवळपास याच शब्दांत येते. ताई, फॅलॉइडिन (अ‍ॅक्टिनचा रंग) एकदम मस्त आलंय, डॅपी (न्यूक्लियसचा रंग) पण ठीक आहे, पण ट्यूब्युलिनच्या (मायक्रोट्यूब्यूलच्या प्रोटीनच्या) चॅनेलमध्ये नुसतं धुकं दिसतंय, आणि कुठे रेषा दिसल्याच तर रांगोळीची रेघ मधेमधे पुसली गेल्यासारख्या तुटक. मग पुढचं वाक्य ठरलेलं, अँटीबॉडी खराब झाली असणार, नवीन मागवू का? थांबा, मागवू नका. मी स्वतः याच पायी तीन महिने घालवलेत, दोन वेळा प्रायमरी (ट्यूब्युलिनला चिकटणारी अँटीबॉडी) बदलली, एकदा सेकंडरी (प्रायमरीला चिकटणारी, चमकणारी) बदलली, ब्लॉकिंग (अँटीबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणूनची पायरी) एक तासाचं रात्रभर केलं, आणि धुकं होतं तिथेच होतं, कारण बिघाड अँटीबॉडी घालायच्या कितीतरी आधी होऊन गेलेला होता.

सगळ्यात आधी फुकटातली तपासणी करा, कारण कधीकधी पेशीत काहीच बिघडलेलं नसतं आणि आपण मायक्रोस्कोपवर चुकत असतो. कॉन्फोकलचा (पेशीचा थराथराने फोटो घेणाऱ्या मायक्रोस्कोपचा) एक स्लाइस साधारण अर्ध्या ते पाऊण मायक्रॉन जाडीचा असतो. मायक्रोट्यूब्यूल काही त्या पातळीत सरळ झोपून राहत नाही, ती न्यूक्लियसवरून चढते, उतरते, परत खाली येते, म्हणजे एकाच स्लाइसमध्ये तिचे तुकडेच दिसणार. झेड-स्टॅक घ्या, म्हणजे वरपासून खालपर्यंत सगळ्या थरांचे फोटो, ते मॅक्सिमम प्रोजेक्शनने एकात करून बघा, रेषा सलग झाल्या तर प्रश्न मिटला. दुसरं म्हणजे पिक्सेल साइझ. १.४ एनएच्या (एनए म्हणजे प्रकाश गोळा करायची क्षमता) ६०एक्स किंवा ६३एक्स ऑइल ऑब्जेक्टिव्हला ८० ते १०० नॅनोमीटरच्या आसपास पिक्सेल हवा, आणि बरेच जण घाईत मोठं फील्ड घेण्यासाठी झूम एकवर ठेवतात, पिक्सेल २००-३०० नॅनोमीटरचा होतो आणि बारीक रेषेच्या पायऱ्या-पायऱ्या दिसतात. तिसरं, कव्हरस्लिपची जाडी. ऑब्जेक्टिव्हवर ०.१७ लिहिलेलं असतं ना, ते मिलिमीटर आहेत, म्हणजे नंबर १.५ची कव्हरस्लिप. स्टोअरमधून नंबर १ची डबी आली की सगळंच जरा मऊ, पसरट दिसायला लागतं आणि आठवडाभर कुणाच्या लक्षात येत नाही.

हे तिन्ही ठीक असून धुकं असेल तर पुढे वाचा.

आता माझ्या तीन महिन्यांचा शेवट कसा झाला ते सांगते, कारण निदान त्यातच आहे. एका स्लाइडवर, सगळ्या इंटरफेजच्या (विभागत नसलेल्या) पेशी धुरकट असताना, कोपऱ्यात दोन पेशी नुकत्याच विभागून वेगळ्या होत होत्या आणि त्यांच्यामधला तो पूल, मिडबॉडी, इतका लखलखीत दिसत होता की गेन कमी करावा लागला. शेजारी मेटाफेजमधली एक पेशी होती, तिच्यात गुणसूत्रांना धरलेले स्पिंडलचे जाड धागे स्पष्ट होते. म्हणजे अँटीबॉडी चिकटत होती, चांगली चिकटत होती! फक्त जिथे मायक्रोट्यूब्यूल शिल्लक होत्या तिथेच चिकटत होती. मिडबॉडीतल्या आणि कायनेटोकोअरला (गुणसूत्रावरच्या धागे जोडायच्या जागेला) जोडलेल्या मायक्रोट्यूब्यूल्स थंडीला बऱ्याच टिकाव धरतात, बाकीच्या नाही. म्हणजे माझ्या पेशींना फिक्स व्हायच्या (रसायनाने जागच्या जागी पक्क्या व्हायच्या) आधी कुठेतरी थंडी वाजली होती. (मिडबॉडीच्या बरोबर मधोमध एक काळी फट दिसते, ती बघून घाबरू नका, तिथे प्रोटीन इतकं दाटीने भरलेलं असतं की अँटीबॉडी आत शिरत नाही.)

आणि थंडी कुठून आली? मीडिया काढून फिक्सेटिव्ह घालायच्या आधी मी दोन वेळा पीबीएसने (मिठाच्या बफरने) वॉश देत होते, आणि ती बाटली फ्रीजमधली होती. ४ डिग्री. बस एवढंच. कव्हरस्लिपची काच ०.१७ मिलिमीटर, ती थंड व्हायला किती वेळ लागतो, काही सेकंद. मग चॅट करत करत दुसरा वॉश, मग पीएफए (फॉर्मल्डिहाइडचं फिक्सेटिव्ह), तोही बर्फावर ठेवलेला, कारण कुणीतरी कधीतरी सांगितलेलं की फिक्सेशन थंडच करायचं असतं.

हे एवढं का बिघडवतं ते समजून घेतलं तर पुढचं पाठ करावं लागत नाही. सायटोस्केलेटन म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर हाडांचा सांगाडा येतो, शब्दच तसा आहे, पण हा सांगाडा सतत मोडतो आणि सतत बांधला जातो. मायक्रोट्यूब्यूल ही २५ नॅनोमीटर जाडीची पोकळ नळी, बहुतेक वेळा १३ उभ्या धाग्यांची, आणि प्रत्येक धागा म्हणजे अल्फा आणि बीटा ट्यूब्युलिनच्या जोड्या एकावर एक रचलेल्या, एक जोडी ८ नॅनोमीटर लांब. हिशेब करा, एका मायक्रॉनच्या नळीत सोळाशेच्या वर जोड्या बसतात, आणि त्या एकमेकांना कुठल्याही पक्क्या बंधाने जोडलेल्या नसतात. टोकाला जीटीपीवाल्या (जीटीपी हा ऊर्जेचा रेणू धरलेल्या) जोड्यांची टोपी असते तोवर नळी वाढते, टोपी गेली की धडाधड आकसते. मिचिसन आणि कर्शनर यांनी १९८४ मध्ये हे दाखवलं, याला डायनॅमिक इनस्टॅबिलिटी म्हणतात. जिवंत पेशीत वाढीचा वेग मिनिटाला १० मायक्रॉनच्या घरात असतो आणि आकसण्याचा त्याहून जास्त. म्हणजे २० मायक्रॉनची नळी दोनेक मिनिटांत नाहीशी होऊ शकते. तापमान उतरलं की तोल आकसण्याकडे झुकतो, आणि सुटलेल्या ट्यूब्युलिनच्या जोड्या सायटोप्लाझममध्ये पसरतात. तेच तुमचं हिरवं धुकं! ते बॅकग्राउंड नाहीये, ते खरंखुरं ट्यूब्युलिन आहे, फक्त सुटं झालेलं, म्हणून कितीही ब्लॉकिंग करा ते जाणार नाही.

मग अ‍ॅक्टिन कसं काय छान येतं? इथेच सगळे फसतात, मीही फसले. अ‍ॅक्टिन फिलामेंट ७ नॅनोमीटरचं, बारीक, पण या थोड्या वेळच्या थंडीला ते असं कोसळत नाही, शिवाय फॅलॉइडिन हे विषारी अळंबीतलं रसायन फिलामेंटला चिकटतं आणि त्याला घट्ट धरून ठेवतं. व्हिमेंटिन किंवा केराटिनसारखी इंटरमीजिएट फिलामेंट्स, १० नॅनोमीटरवाली, ती तर त्याहून चिवट, डिटर्जंट आणि जास्त मीठ यांनाही दाद देत नाहीत. त्यामुळे अ‍ॅक्टिन छान आलं म्हणजे फिक्सेशन छान झालं हा निष्कर्ष चुकीचा आहे. फिक्सेशनची परीक्षा मायक्रोट्यूब्यूल घेते, ती पास झाली तरच बाकीच्यावर विश्वास ठेवा.

आणि ही फसगत नवीन नाही, अख्ख्या क्षेत्राची झालेली आहे. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीत सुरुवातीची कित्येक वर्षं पेशी ऑस्मियम टेट्रॉक्साइडने, थंडगार करून फिक्स करायचे. १९५४ मध्ये सिलियातल्या (पेशीवरच्या हलणाऱ्या बारीक केसांतल्या) नऊ अधिक दोनच्या (कडेने नऊ जोड्या, मधे दोन) नळ्या दिसल्या, कारण त्या टिकाऊ असतात, पण सायटोप्लाझममध्ये सगळीकडे पसरलेल्या साध्या मायक्रोट्यूब्यूल्स काही नीट दिसेनात. तिकडे शिन्या इनोऊए पोलराइज्ड लाइट मायक्रोस्कोप घेऊन जिवंत पेशीत स्पिंडलचे धागे दाखवत होते, १९५३ साली, थंड केलं की धागे विरघळतात आणि ऊब दिली की परत येतात हेही त्यांनी दाखवलं, आणि त्याआधी कितीतरी जण स्पिंडलचे धागे म्हणजे फिक्सेटिव्हने तयार केलेला भास आहे असंच म्हणत होते. मग १९६३ मध्ये सबातिनी, बेन्श आणि बॅर्नेट यांनी ग्लुटाराल्डिहाइड आणलं आणि त्याच वर्षी लेडबेटर आणि पोर्टर यांनी वनस्पतींच्या पेशीत मायक्रोट्यूब्यूल्स दाखवल्या. माझी मिडबॉडी आणि त्यांचा सिलिया, गोष्ट एकच, टिकाऊ तेवढं उरलं आणि बाकीचं नाही असं वाटलं. हे वाचलं तेव्हा मला खरंच खूप बरं वाटलं होतं.

आता उपाय. फक्त मायक्रोट्यूब्यूल्स बघायच्या असतील, अ‍ॅक्टिन नको असेल, तर मिथेनॉलसारखं सोपं काही नाही. उणे २० डिग्रीचं मिथेनॉल, कव्हरस्लिप चिमट्याने थेट ३७ डिग्रीच्या मीडियातून उचलायची, कडेला टिश्यूवर टेकवून थेंब काढायचा आणि सरळ मिथेनॉलमध्ये, मधे वॉश नाही, पीबीएस नाही, पाच मिनिटं. तुम्ही म्हणाल आत्ताच थंडीला शिव्या घातल्या आणि आता उणे २०? फरक वेगाचा आहे. मिथेनॉल पाणी ओढून घेतं आणि प्रोटीन जागच्या जागी बसवतं, नळीला आकसायला वेळच मिळत नाही, आणि सुटं ट्यूब्युलिन बरंचसं धुऊन जातं म्हणून चित्र स्वच्छ येतं. पडद्याला भोकं पाडायला वेगळं ट्रायटन (डिटर्जंट) लागत नाही. नंतर पीबीएसमध्ये तीन वेळा पाच-पाच मिनिटं, आणि कव्हरस्लिप कोरडी पडू द्यायची नाही.

पावसाळ्यात मात्र मिथेनॉलवर लक्ष ठेवा. जुलैमध्ये आमच्याकडे पुण्यात भिंतीलाही ओल असते, थंड बाटली फ्रीझरमधून काढून लगेच उघडली की आत दव धरतं आणि मिथेनॉल पाणी पीत राहतं, दहा वेळा उघडलेल्या बाटलीत किती पाणी गेलंय कुणाला ठाऊक. मी तेव्हापासून छोट्या छोट्या बाटल्यांत भरून ठेवते, एक प्रयोग एक बाटली, उरलेलं परत ओतायचं नाही.

खरी पंचाईत होते ती अ‍ॅक्टिन आणि मायक्रोट्यूब्यूल्स दोन्ही एकाच पेशीत हव्या असतात तेव्हा. मिथेनॉलने अ‍ॅक्टिनची घडी मोडते, फॅलॉइडिनला बसायला जागाच उरत नाही, चॅनेल काळाकुट्ट. जीएफपी (चमकणारं प्रोटीन) असेल तर तेही बरंच मावळतं. नुसत्या पीएफएने अ‍ॅक्टिन टिकतं पण मायक्रोट्यूब्यूल्स तुटक होतात, कारण फॉर्मल्डिहाइड आत पटकन शिरतं पण बंध सावकाश बांधतं, आणि तेवढ्या वेळात नळ्यांचं जे व्हायचं ते होऊन जातं. बहुतेक सगळ्यांचा हा पुन्हा पुन्हा येणारा प्रॉब्लेम म्हणजे या दोहोंमधली ओढाताणच असते, एकदा हे दुरुस्त करायचं की ते बिघडतं.

यावर मला चाललेला उपाय म्हणजे ३ टक्के पीएफए आणि त्यात ०.१ टक्का ग्लुटाराल्डिहाइड, ३७ डिग्रीला गरम केलेल्या फेम बफरमध्ये, दहा मिनिटं. ग्लुटाराल्डिहाइडला दोन हात असतात, दोन्ही टोकांना आल्डिहाइड, म्हणून ते फार लवकर आणि घट्ट बांधतं. फेम म्हणजे ६० मिलिमोलर पाइप्स, २५ हेपीस (हे दोन पीएच सांभाळणारे बफर), १० ईजीटीए (कॅल्शियम बांधणारं), २ मॅग्नेशियम, पीएच ६.९. पीबीएस का नको? कॅल्शियममुळे. ट्यूब्युलिनला कॅल्शियम सोसत नाही, वाइझेनबर्ग यांनी १९७२ मध्ये ईजीटीए घालून कॅल्शियम बांधून टाकलं तेव्हा कुठे पेशीबाहेर, परीक्षानळीत मायक्रोट्यूब्यूल्स जुळायला लागल्या. पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम १०० नॅनोमोलरच्या आसपास, बाहेर मीडियात १.८ मिलिमोलर, म्हणजे दहा हजार पटीहून जास्त, आणि फिक्सेशनच्या गडबडीत पडदा फाटला की ते सगळं आत. काही जणांकडे तर वॉशची बाटलीच कॅल्शियम-मॅग्नेशियमवाल्या पीबीएसची असते, लेबल वाचा.

फेम बनवताना पाइप्स पाण्यात विरघळणार नाही, दुधासारखं पांढरं राहील, नवीन मुलं घाबरून टाकून देतात. टाकू नका. सोडियम किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइड थेंब थेंब घालत जा, पीएच साडेसहाच्या वर सरकला की एकदम स्वच्छ होतं. ईजीटीएचंही तसंच.

ग्लुटाराल्डिहाइड वापरलं की एक कर्ज मागे लागतं, ऑटोफ्लुओरेसन्स. बांधून उरलेले मोकळे आल्डिहाइड चमकतात, अँटीबॉडीलाही पकडून ठेवतात, आणि परत धुकं, आता वेगळ्या कारणाचं. म्हणून फिक्स झाल्यावर ०.१ टक्का सोडियम बोरोहायड्राइड, सात मिनिटं, पीबीएसमध्ये. ते त्याच वेळी तोलून त्याच वेळी बनवायचं, बुडबुडे यायला हवेत, बुडबुडे नाहीत म्हणजे पावडर मेलेली आहे. बुडबुड्यांमुळे कव्हरस्लिप उलटतात, तरंगतात, लक्ष ठेवा. हायड्रोजन सुटतो, तेव्हा झाकण घट्ट लावायचं नाही आणि हूडमध्येच करायचं. मग ०.२ टक्के ट्रायटन, ब्लॉकिंग, अँटीबॉडी नेहमीसारखं. ग्लुटाराल्डिहाइड इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी ग्रेडचं घ्या, पिवळं पडलेलं जुनं वापरू नका.

एवढं करूनही थोडं धुकं उरलं तर ते खरं सुटं ट्यूब्युलिन आहे, जिवंत पेशीत ते असतंच. ते नको असेल तर फिक्सेशनच्या आधी मिनिटभर गरम फेममध्ये ०.२५ टक्के ग्लुटाराल्डिहाइड आणि ०.२५ टक्के ट्रायटन एकत्र द्या, नळ्या धरल्या जातात आणि सुटं वाहून जातं. पण सायटोप्लाझममध्ये मोकळं फिरणारं एखादं प्रोटीनही सोबत बघायचं असेल तर ही पायरी नको, तेही जाईल.

रेषांच्या ऐवजी ठिपके-ठिपके दिसत असतील तर तो वेगळा आजार, अँटीबॉडीचे गोळे. अँटीबॉडी सेंट्रीफ्यूजमध्ये फुल स्पीडवर दहा मिनिटं फिरवा, वरचं घ्या. नुसत्या सेकंडरीची स्लाइड करून बघा. पाच मिनिटांचं काम.

आणि कंट्रोल ठेवा, प्लीज ठेवा, दोन कव्हरस्लिप जास्तीच्या लागतात फक्त. एकीला अर्धा तास बर्फावर, दुसरीला नोकोडॅझोल (मायक्रोट्यूब्यूल्स मोडणारं औषध), हे तुमचं खोटं चित्र, मायक्रोट्यूब्यूल्स मुद्दाम घालवलेलं. तुमची नेहमीची स्लाइड या कंट्रोलसारखी दिसत असेल तर उत्तर मिळालं. नोकोडॅझोल नसेल तर कोल्चिसिन चालतं, ते आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदातही असतं, आणि अंगणातली सदाफुली व्हिनब्लास्टिन देते, तेही ट्यूब्युलिनलाच धरतं. मला ही गोष्ट फार आवडते, दोन्ही झाडं लहानपणापासून बघितलेली आणि दोघांचं लक्ष्य एकच प्रोटीन.

आणखी एक, रेषा दिसायला लागल्या की जाडी मोजायला धावू नका. साध्या फ्लुओरेसन्समध्ये २५ नॅनोमीटरची नळी २५० नॅनोमीटरच्या आसपास जाड दिसते, प्रकाशाची ती मर्यादा आबे यांनी १८७३ मध्येच सांगून ठेवलीय, त्यामुळे एक नळी आहे की तीन शेजारी शेजारी आहेत हे त्या चित्रातून कळत नाही.

हा प्रॉब्लेम परत परत का उगवतो हे मी बरेच दिवस बघत होते. कारण साधं आहे, वहीतल्या प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं असतं, पीबीएसने दोनदा वॉश करा. तापमान लिहिलेलंच नसतं. ज्याने लिहिलं त्याची बाटली बेंचवर असायची, पुढच्याची फ्रीजमध्ये. डिसेंबरमध्ये तर बेंचवरचीही सकाळी १८ डिग्रीला असते, वर एसीची हवा थेट स्टीलच्या ट्रेवर. त्यामुळे उन्हाळ्यात चाललेला प्रोटोकॉल हिवाळ्यात बंद पडतो आणि दोष जातो अँटीबॉडीच्या नवीन लॉटवर. आता आमच्या वॉटर बाथमध्ये फेमची एक बाटली कायम असते, तिच्या झाकणावर मार्करने ३७ लिहिलंय, आणि प्लेट इन्क्युबेटरमधून काढायच्या आधी फिक्सेटिव्ह हाताशी तयार असलं पाहिजे असा नियम आहे. वॉश नाही, मीडिया ओढला की लगेच फिक्सेटिव्ह.

मागच्या हिवाळ्यात जिच्या स्लाइड सलग चार वेळा धुरकट आल्या होत्या त्या मुलीला मी शेवटी तोच बिघाड मुद्दाम करायला लावला. पाच कव्हरस्लिप अर्धा तास बर्फावर, मग एकेक ३७ डिग्रीच्या मीडियात, शून्य, एक, दोन, पाच आणि दहा मिनिटं, आणि तिथून थेट उणे २०च्या मिथेनॉलमध्ये. शून्यवाली स्लाइड बघून ती लगेच म्हणाली, ताई, ही तर माझीच स्लाइड आहे. दोन मिनिटांच्या स्लाइडवर न्यूक्लियसच्या शेजारी, सेंट्रोसोमपासून, बारीक बारीक किरण फुटलेले होते, दहा मिनिटांच्या स्लाइडवर ते पेशीच्या कडेपर्यंत पोचले होते. रात्री साडेनऊपर्यंत ती कॉन्फोकलवरून उठलीच नाही.